रिंग की रेडियल? इंग्लंडमधल्या घराचं वायरिंग

रेडिंगकर

इंग्लंडात राहणाऱ्या आणि विजेतलं कळणाऱ्या मंडळींना एक प्रश्न.

रेडिंगमध्ये १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. वायरिंग पार जुनं. लाल-काळ्या वायरी, माळ्यावर काही रबराच्या, आणि जिन्याखाली तार गुंडाळायचे फ्यूज. सगळं उपसून नवीन करायचं ठरलंय. शिवाय स्वयंपाकघर मागच्या अंगाला वाढवतोय. तो भाग लाकडी सांगाड्याचा आणि भिंतीत ठासून इन्सुलेशन.

दोन इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेले. एक साठीच्या पुढचे गृहस्थ. म्हणाले, खाली एक रिंग, वर एक रिंग, स्वयंपाकघराला तिसरी, आयुष्यभर हेच केलं. दुसरा तरुण. म्हणाला, रिंगचा जमाना गेला, सगळं रेडियल करू. बेडरूमना २० अँपियर, किचनला ४ स्क्वेअर एमएमची एकच ३२ अँपियर लाइन. दोघेही नोंदणीकृत, दोघांचंही नियमात बसतं म्हणे, पैशांतही फार फरक नाही.

मी सांगलीचा. तिकडे घराचं वायरिंग होताना वायरमनच्या मागे मागे फिरलोय, पण रिंग हा प्रकार कधी कानावर आला नाही. नेमका फरक काय आणि निवडायचं कशावरून?

कौलारू

आमचंही मिल्टन कीन्सला हेच चाललंय. वाचनखूण साठवली आहे. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

तारतम्य

लेस्टरला असतो, पोटापाण्याचा उद्योग हाच.

रेडियल म्हणजे तुमच्या सांगलीच्या ओळखीचीच पद्धत. ब्रेकरपासून (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) वायर निघते, एका सॉकेटवरून दुसऱ्यावर जाते आणि शेवटच्या सॉकेटला संपते. रिंगमध्ये ती शेवटच्या सॉकेटवरून मागे फिरून पुन्हा त्याच ब्रेकरला येऊन मिळते. म्हणजे प्रत्येक सॉकेटला दोन्ही अंगांनी वीज. त्यामुळेच २.५ची (स्क्वेअर एमएम) वायर, जी एकटी असताना भिंतीत कशी टाकली त्यानुसार सहसा २० ते २७ अँपियरची, तिच्यावर ३२चा ब्रेकर लावायची मुभा मिळते. इतर कुठे असं केलं तर तपासणीत सरळ नापास. रिंगसाठी बीएस ७६७१ मध्ये, म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमावलीत, खास सवलत आहे. अट अशी की वायरची कुवत किमान २० अँपियर हवी, आणि रिंगच्या कुठल्याही तुकड्यावरून दीर्घकाळ कुवतीबाहेर करंट जाण्याचा संभव नको. या 'दीर्घकाळ'मध्येच सगळी गोम आहे, तिच्यावर नंतर येतो.

ढोबळ ठोकताळे: २.५ची रिंग ३२ अँपियरवर १०० चौरस मीटर जागेला. २.५ची रेडियल २० अँपियरवर ५० चौरस मीटरला. ४ची रेडियल ३२ अँपियरवर ७५ चौरस मीटरला. सॉकेट किती लावायचे याला यातल्या कशातच मर्यादा नाही, क्षेत्रफळ बघतात.

अण्णा_वायरमन

मी कोल्हापूरचा, लायसनवाला काँट्रॅक्टर. विलायतेचं मला काही माहीत नाही, म्हणून विचारतो. दोन्ही टोकं एकाच एमसीबीत (ब्रेकरमध्ये) घातली. समजा मध्ये एका सॉकेटच्या मागे वायर सुटली. सगळे पॉइंट तर चालूच राहणार, दुसऱ्या अंगाने वीज येतेच आहे. मग सुटल्याचं घरमालकाला कळणार कसं?

तारतम्य

@अण्णा, नाही कळणार. एका वाक्यात नस पकडलीत. वायर सुटली की रिंगची झाली दोन रेडियल, आणि वर ब्रेकर तसाच ३२चा. ३२चा ब्रेकर ३६ अँपियरवर तासभर बसून राहिला तरी ट्रिप व्हायचं बंधन त्याच्यावर नाही. २० अँपियर कुवतीच्या वायरीतून ३० गेले तर उष्णता सव्वादोन पट. किटली उकळते, वॉशिंग मशीन फिरतं, सगळं छान चाललंय असं वाटतं. आपण राहत असलेल्या घराची तपासणी दहा वर्षांनी करावी अशी शिफारस असते. म्हणजे तोवर हे तसंच राहू शकतं.

आणि वायर सुटायला फार काही लागत नाही. घरमालक शनिवारी सकाळी पांढऱ्या प्लास्टिकच्या जागी पितळी सॉकेट बसवतो, तीन वायरींतली एक नीट आवळली जात नाही, झालं.

गिरगाव_ते_ग्लासगो

थांबा, एकच बाजू मांडली जातेय.

रेडियलमध्ये फेज किंवा न्यूट्रल सुटला तर पुढचे सॉकेट बंद पडतात आणि माणूस इलेक्ट्रिशियनला बोलावतो, मान्य. पण अर्थ सुटला तर? पुढचे सगळे सॉकेट तसेच चालू, फक्त बिनअर्थिंगचे! घरात कुणालाही पत्ता नाही. रिंगमध्ये अर्थ एका जागी तुटला तरी प्रत्येक सॉकेटला दुसऱ्या बाजूने अर्थ असतोच. माझ्या मते जीव वाचवायच्या दृष्टीने हा रिंगचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि रेडियलवाले तो सोयीस्करपणे गिळतात.

दुसरं, ४ची वायर हाताळून बघा एकदा. २५ मिमी खोलीच्या खोक्यात दोन ४च्या वायरी वळवून सॉकेट दाबून बसवताना बोटांची सालं निघतात. सॉकेटच्या टर्मिनलमध्ये २.५च्या तीन वायरी किंवा ४च्या दोन मावतील एवढीच हमी असते, म्हणजे ४च्या रेडियलला मध्येच फाटा काढायचा तर पंचाईत. २.५ मऊ, स्वस्त, प्रत्येक व्हॅनमध्ये सापडणारी.

तिसरं, ब्रेकर कमी, बोर्ड लहान.

तारतम्य

अर्थचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रेडियल केली तरी अर्थ तेवढा परत बोर्डापर्यंत आणता येतो, पण घरगुती कामात कोण करतं? सॉकेटला आता ३० मिलीअँपियरचं आरसीडी (करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारं यंत्र) लागतंच, त्यामुळे अर्थ नसलेल्या मशीनला हात लागला तर ते तोडेल. मात्र झटका बसल्यावर तोडेल, आधी नाही.

जुनापुराणा

या रिंगचा उगम युद्धकाळातला. युद्ध संपल्यावर लाखो घरं बांधावी लागणार आणि तांब्याची टंचाई, हे १९४२ सालीच दिसत होतं. म्हणून समिती नेमली गेली. तीत विद्युत अभियंता कॅरोलिन हॅस्लेट ही एकमेव स्त्री. १९४४ साली अहवाल आला. त्याआधी ब्रिटनमध्ये गोल पिनांचे २, ५ आणि १५ अँपियरचे प्लग होते आणि १५च्या प्रत्येक सॉकेटला बोर्डापासून सहसा स्वतंत्र लाइन जायची. समितीचा हिशेब असा: घरात सॉकेट भरपूर हवेत, पण सगळ्यांवर एकाच वेळी भार नसतो. मग एकाच गोलाकार वायरीवर हवे तेवढे सॉकेट लावा, आणि प्रत्येक उपकरणाचा फ्यूज त्याच्या प्लगमध्येच घाला. त्यातून १९४७ साली बीएस १३६३ आला, म्हणजे आज दिसतो तो तीन चौकोनी पिनांचा १३ अँपियरचा प्लग.

गंमत म्हणजे भारतात अजून आहेत त्या गोल पिना त्याच जुन्या ब्रिटिश. विलायतेने टाकल्या, आपण ठेवल्या. ब्रिटनमध्ये त्या आता नाटकाच्या थिएटरांत दिव्यांना वापरतात, १५ अँपियरची जाड पिन तिथे भेटली तर गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

स्वरदा_स्टुटगार्ट

जर्मनीत रिंग कुणालाच माहीत नाही. सगळं रेडियल, १६ अँपियर, आणि किचनमध्ये तर चार-पाच वेगवेगळ्या लाइनी. डिशवॉशरला वेगळी, वॉशिंग मशीनला वेगळी. बोर्ड मोठा होतो हे खरं, पण त्यात वाईट काय? एक ट्रिप झाली तर बाकीचं घर चालू राहतं. इंग्रजांना हे इतकं जड का जातं कळत नाही.

गिरगाव_ते_ग्लासगो

@स्वरदा, कारण तुमच्या प्लगमध्ये फ्यूज नाही हो. टेबललॅम्पची बारीक वायर तुमच्याकडे थेट १६च्या ब्रेकरच्या भरवशावर असते. आमच्याकडे प्लगमध्ये ३ अँपियरचा फ्यूज बसतो, मग मागे ब्रेकर ३२चा असला तरी लॅम्पच्या वायरीचं बिघडत नाही.

नाशिकचा_बंगला

वाचून उत्साह आला. गंगापूर रोडला बंगल्याचं काम चालू आहे, कन्ड्युट अजून भरायचे आहेत. वायरमनला सांगून हॉल आणि बेडरूमना रिंग करून घेऊ का? तांबं वाचतं म्हणताय. वायरचे भाव काय झालेत तुम्हाला माहीत आहेच.

अण्णा_वायरमन

अजिबात करू नका! वरचा ग्लासगोवाल्यांचा प्रतिसाद परत वाचा. त्यांची रिंग चालते ती प्लगमधल्या फ्यूजच्या जिवावर. आपल्या ६ अँपियरच्या पिनेत फ्यूज कुठे आहे? तुम्ही ३२चा एमसीबी लावणार आणि ६च्या सॉकेटला कुणीतरी बाजारातला एक्स्टेन्शन बोर्ड लावणार. त्या बोर्डाची वायर केसासारखी. त्याच्यावर इस्त्री आणि हीटर एकदम लावला तर वायर वितळेल, सॉकेट काळं पडेल, एमसीबी ढिम्म हलणार नाही. शॉर्ट झालं तर तोडेल, पण ओव्हरलोडला तो आंधळाच.

आपली पद्धत आपल्या पिनेला धरून आहे. लाइटच्या सर्किटवर ६चे पॉइंट, १६चा पॉवर पॉइंट २.५ने वेगळा, गिझर आणि एसीला ४ची स्वतंत्र लाइन, प्रत्येकाला त्याच्या मापाचा एमसीबी. वर आरसीसीबी (तुमचं ते आरसीडीच) हवाच. तांबं वाचवायचं असेल तर बोर्डाची जागा घराच्या मध्यावर घ्या, लाइनींची लांबी आपोआप कमी होते. लोक बोर्ड पार्किंगच्या कोपऱ्यात टाकतात आणि मग वायरच्या बिलाच्या नावाने बोंब मारतात.

नाशिकचा_बंगला

पटलं. रिंग रद्द. बोर्डाच्या जागेचं उद्याच बघतो, सध्या तो खरंच पार्किंगमध्ये आहे :)

तारतम्य

आता 'दीर्घकाळ'चं. रेडिंगकर, तुमचा कंझ्युमर युनिट (ब्रेकरांचा बोर्ड) जिन्याखालीच राहणार का? आणि वॉशिंग मशीन, ड्रायर वगैरे त्याच्यापासून किती लांब? इन्सुलेशनच्या भिंतीतून वायरी जाणार का? उत्तर या तीन गोष्टींवर आहे, रिंग चांगली की रेडियल यावर नाही.

रेडिंगकर

युनिट जिन्याखालीच. वॉशिंग मशीन आणि ड्रायर लगतच्या युटिलिटीत, वायरीच्या वाटेने सहा-एक मीटर. डिशवॉशर, किटली, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह नव्या भागात, सगळं त्या इन्सुलेशनवाल्या भिंतीवर. इंडक्शन आणि ओव्हनला वेगळी लाइन आहे असं दोघेही म्हणाले.

तारतम्य

इंडक्शन वेगळं, ठीक. आता हिशेब बघा. समजा किचन-युटिलिटीची रिंग एकूण ६० मीटरची. ड्रायर, वॉशिंग मशीन आणि शेजारच्या सॉकेटवर काहीतरी, मिळून २८ अँपियर, ब्रेकरपासून एका बाजूने ६ मीटरवर. करंट जवळची वाट धरतो. दुसऱ्या बाजूने त्याला ५४ मीटर जावं लागतं. म्हणून जवळच्या तुकड्यातून २५.२ अँपियर आणि लांबच्यातून जेमतेम २.८. रिंग कुठेही तुटलेली नाही, ब्रेकर ३२चा, तोही शांत. आणि २० अँपियरची वायर २५ वाहतेय. किटली तीन मिनिटं चालते, तिचं काही नाही. ड्रायर तास-दीड तास चालतो. म्हणून मी युटिलिटी रिंगच्या टोकाशी असेल तर रिंग करत नाही. साठीचे गृहस्थ वायरीची वाट अशी आखू शकतात की जड मशीनं रिंगच्या मध्यावर येतील. ते आखतात का, हे त्यांनाच विचारा. 'सवय आहे' हे उत्तर आलं तर समजून जा.

आता त्या तरुण पोराकडे वळू. ४ची वायर उघड्यावर किंवा विटेच्या भिंतीत प्लास्टरखाली टाकली तर ३७ अँपियरची. पण इन्सुलेशन भरलेल्या लाकडी भिंतीत, वायर आतल्या प्लास्टरबोर्डाला टेकलेली असली तर २७. टेकलेली नसेल, चारी बाजूंनी इन्सुलेशन असेल तर १७.५! त्याच्यावर ३२चा ब्रेकर कसा लावणार? रेडियलला रिंगसारखी सवलत नाही, ब्रेकर वायरच्या कुवतीत बसलाच पाहिजे. म्हणजे वायर बोर्डाला टेकवली तरी एक तर ६ची घ्या किंवा ब्रेकर २५चा करा. बोर्डाला टेकलेली २.५ तिथे २१ अँपियर वाहते, म्हणजे २०च्या ब्रेकरला चालते. न टेकलेली मात्र १३.५ वर येते, तिथे रिंगसुद्धा बसत नाही.

थोडक्यात तरुणाचं 'सगळं रेडियल' मला आवडलं, पण त्याची ३२ची लाइन त्या भिंतीत मला दिसत नाही.

कौलारू

आमच्यावाल्याने असली कुठलीच चौकशी केली नाही, माळ्यावर नजर टाकली आणि आकडा सांगितला. माळ्यावर इन्सुलेशनचा थर हातभर आहे. मग त्यातून जाणाऱ्या वायरीचं काय?

तारतम्य

@कौलारू, वायर थराखाली गाडली गेली की कुवत उतरते. वायर छताच्या प्लास्टरबोर्डाला टेकलेली आणि थर १०० मिमीपर्यंत असेल तर २.५ची २१, थर त्याहून जाड असेल तर १७. म्हणजे तुमच्या हातभर थरात रिंगची किमान २०ची अट तिथेच कोसळते. वायर थराच्या वरून नेता येते का बघा, किंवा वरच्या मजल्याची वायर फळ्यांच्या जमिनीखालून न्या.

गिरगाव_ते_ग्लासगो

हिशेब बिनचूक, मी तुमच्याशी भांडणार नव्हतोच. पण बेडरूमना तरी रिंगला नावं का ठेवायची? तिथे चार्जर, लॅम्प, टीव्ही, फार तर हिवाळ्यात हीटर आणि हेअरड्रायर.

तारतम्य

नावं नाही ठेवत. पण वरचा मजला ५० चौरस मीटरच्या आत असेल तर २० अँपियरची २.५ रेडियल पुरते, परतीची वायर वाचते, आणि तपासणी पाच मिनिटांची. रिंग नीट तपासायची तर तिन्ही तारांची टोक ते टोक रेझिस्टन्स मोजा, मग फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडून प्रत्येक सॉकेटवर वाचन घ्या, मग तेच फेज आणि अर्थचं. ६० मीटरच्या रिंगला फेजचं टोक ते टोक साधारण ०.४४ ओहम, अर्थचं ०.७३ (ती तार १.५ची असते), आणि दोन्हीची बेरीज भागिले चार, म्हणजे ०.२९, सगळ्या सॉकेटवर जवळपास तेवढंच यायला हवं. हे सगळे जण मनापासून करतात असं मानण्याइतका मी आता नवखा राहिलो नाही.

जुन्या घरात तर आणखी गमती. खालच्या रिंगचं एक टोक वरच्या ब्रेकरला आणि वरच्याचं खालच्याला असंही सापडतं. एक ब्रेकर पाडून सॉकेट उघडलं तर आत जिवंत. टेस्टर लावल्याशिवाय कुणीही हात घालू नये. ब्रेकर पाडला म्हणजे मेलं असं समजायचं नाही.

अण्णा_वायरमन

हे मात्र कोल्हापुरातही तितकंच खरं.

स्वरदा_स्टुटगार्ट

पुढे सॉकेट वाढवायचे झाले तर? पाळणाघरासारखं घर आहे आमचं, दर वर्षी काहीतरी नवं लागतं.

गिरगाव_ते_ग्लासगो

रिंगच्या एका सॉकेटवरून एकच फाटा आणि त्या फाट्यावर एकच सॉकेट, सिंगल किंवा डबल. त्याहून जास्त हवे तर मध्ये १३ अँपियरचा फ्यूज असलेला स्विच घाला, पुढे हवे तेवढे. फाट्यावरून पुन्हा फाटा काढणारे महाभाग प्रत्येक गल्लीत आहेत. रेडियलला ही कटकट नाही, त्याच मापाची वायर वापरून कुठूनही फांदी काढा. इथे मी रेडियलला पूर्ण गुण देतो.

रेडिंगकर

सर्वांचे आभार. दोघांनाही फोन करून वायरीची वाट आणि भिंतीचं विचारलं. ज्येष्ठ गृहस्थांनी मशीनं रिंगच्या मध्यावर आणायला लगेच होकार दिला, पण त्यासाठी वायर बरीच फिरवावी लागेल म्हणाले. तरुणाने आधी ३२च धरून ठेवलं. १७.५ आणि २७ हे आकडे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प होता, मग संध्याकाळी त्याचाच फोन आला. आता त्याचा आराखडा असा: नव्या भिंतीला २० अँपियरच्या दोन रेडियल, ओट्यावरचे सॉकेट आलटून पालटून दोन्हींवर, आणि वायर आतल्या प्लास्टरबोर्डाला टेकवून क्लिप करणार. युटिलिटीत ड्रायरला स्वतंत्र २०, वॉशिंग मशीनला स्वतंत्र २०. वर एक रेडियल, खाली बैठकीला एक. प्रत्येकाला स्वतःचं आरसीबीओ (ब्रेकर आणि आरसीडी एकाच डबीत). बोर्ड मोठा घ्यावा लागेल, थोडे पैसे वाढतील. काम त्यालाच देतोय. नव्या सर्किटची बिल्डिंग कंट्रोलला (बांधकामाचे नियम पाळले जातात का बघणारं खातं) नोंद तोच करणार, प्रमाणपत्र आपल्याला मिळणार.

तारतम्य

उत्तम. वेगळ्या आरसीबीओंचा आणखी एक फायदा: आजकाल प्रत्येक उपकरण थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतं. एकाच सर्किटवर सगळी बेरीज नऊ मिलीअँपियरच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर ३०चं आरसीडी उगीचच पडायला लागतं. विभागलं की तो त्रास कमी. वायर टेकवून क्लिप केल्याचे फोटो मात्र प्लास्टरबोर्ड ठोकण्याआधी काढून ठेवा, नंतर भिंत फोडल्याशिवाय काही दिसणार नाही.

दुबईकर

उशिरा आलो. आमच्याकडेही तेच चौकोनी पिनांचे सॉकेट. फ्रीजला वेगळी लाइन घ्यावी का? घरमालक नको म्हणतो.

तारतम्य

घर भाड्याचं असेल तर मालकाशी वाद घालू नका. स्वतःचं असतं तर घ्या म्हटलं असतं. फ्रीजचा भार किरकोळ असतो, प्रश्न तो नाही. तुम्ही सुट्टीला भारतात गेलात आणि दुसऱ्याच कुठल्या उपकरणामुळे ती लाइन पडली, तर परत आल्यावर फ्रीज उघडायची हिंमत होत नाही. रेडिंगकर, तुमच्या यादीतही फ्रीज दिसला नाही. ब्रेकरची एक जागा त्याच्यासाठी ठेवायला सांगा.